हिवाळ्यात बोटीचे पारदर्शक पडदे काढून ठेवायचे की लावूनच ठेवायचे?

काठावरचा_गडी

मंडळी, थंडी यायला आता फार दिवस नाहीत आणि मागच्या वर्षी जे झालं ते परत होऊ नये म्हणून आधीच विचारतोय. बोट 7 मीटरची आहे, फायबरची, पेट्रोलवरचं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन. कॉकपिटवर, म्हणजे बसून बोट चालवायच्या उघड्या जागेवर, स्टीलच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर कापडी छत आणि चारी बाजूंनी पारदर्शक व्हिनाइलचे पडदे. एकूण 6 पडदे आहेत, वरून आणि बाजूंनी चेनने लागतात आणि खाली टिचबटणं.

मागच्या हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढली, स्टँडवर उभी केली, पडदे होते तसे लावून ठेवले आणि वरून एक मोठी ताडपत्री टाकून दोऱ्या बांधल्या. मला वाटलं पडदे आहेत तर आत वारा-पाऊस जाणार नाही, उलट बरंच आहे. भर थंडीत एकदा बघायला गेलो तर छताच्या मधोमध ताडपत्री खोलगट होऊन त्यात पाणी साचून गोठलेलं, पाइप एका बाजूला वाकायला लागलेला. आत शिरायला म्हणून बाजूच्या पडद्याची चेन उघडली आणि पडदा वर दुमडायला गेलो तर कट्ट असा आवाज आला आणि पडदा आडवा फाटला, हातभर. दुमडलाही नव्हता पूर्ण, नुसता वाकवला होता. आणि वसंतात ताडपत्री काढली तेव्हा समोरच्या पडद्यावर जिथे ताडपत्रीच्या पितळी रिंगा वाऱ्याने हलत होत्या तिथे दुधाळ पट्टे पडलेत ते आजतागायत गेलेले नाहीत, उन्हात समोरून बघितलं की काहीच दिसत नाही.

फाटलेला पडदा नवीन शिवून घेतला. आता उरलेले 5 जुने आणि 1 नवा असे सांभाळायचे आहेत. तर पडदे काढावेत का? काढले तर ठेवायचे कसे, घरात जागा कमी आहे, गुंडाळले तर चालतील का? आणि ताडपत्रीच परत टाकू की ते श्रिंक रॅप (गरम करून बोटीवर आवळतात ते प्लास्टिक) करून घेऊ? इंजिनाचंही कोणी सांगितलं तर बरं होईल, मागच्या वर्षी ते दुसऱ्याने केलं होतं, यंदा स्वतः करायचंय.

जुना_खलाशी

काढा. दुसरा विचारच करू नका.

तुमचा पडदा का फाटला ते आधी सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. हे पारदर्शक शीट म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपासारखं. ते मऊ राहावं म्हणून बनवतानाच त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, प्लास्टिसायझर म्हणतात त्याला. थंडी वाढली की ही मऊपणाची करामत चालेनाशी होते, शीट ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. शीट जितकं जुनं तितकं त्यातलं ते द्रव्य उन्हाने आणि चुकीच्या धुण्याने उडून गेलेलं असतं त्यामुळे जुना पडदा आधी तडकतो. म्हणजे नुसत्या गारठ्याने पडदा मरत नाही, गारठ्यात त्याला हात लावला की मरतो. किंवा गारठ्यात वाऱ्याने त्याला दिवसरात्र हलवलं की.

म्हणून पडदे काढायचे ते थंडी पडायच्या आत. ऊन असलेला दिवस बघा, दुपारची वेळ, हवा 15-20 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, पडदा हाताला लुसलुशीत लागला पाहिजे. सकाळी सातला दव असताना काढायला जाऊ नका. चेन आधी पूर्ण उघडायची, टिचबटणं नंतर, आणि बटण काढताना कापड धरून खेचायचं नाही, बटणाच्या अगदी खाली बोट किंवा एखादी बोथट चपटी पट्टी घालून उचलायचं. कापड खेचलं की बटणाभोवतीचं भोक मोठं होतं आणि पुढच्या वर्षी बटण कापडासकट हातात येतं.

धुण्याचं, कारण इथेच लोक निम्मं वाटोळं करतात. पडदा बोटीवर लावलेला असतानाच धुवा, ताणलेला असतो त्यामुळे सोपं जातं. आधी नुसतं गोडं पाणी, भरपूर, नळीने वरून खाली सोडत राहायचं. कापड लावायचं नाही अजून. पडद्यावर मीठ आणि बारीक धूळ बसलेली असते आणि कोरडं किंवा ओलं कापड फिरवलं की ते सँडपेपरसारखं काम करतं. पाण्याने ते वाहून गेलं की मग बादलीत सौम्य साबण, अगदी थोडा, आणि मऊ सुती कापड किंवा मायक्रोफायबर, हलक्या हाताने. परत पाणी. मग टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. काचेवर मारायचे ते निळे स्प्रे असतात ना, त्यातल्या अनेकांत अमोनिया असतो, ते या पडद्याला अजिबात लावायचे नाहीत. स्पिरिट नाही, थिनर नाही, अ‍ॅसिटोन नाही. पेपर टॉवेलसुद्धा नाही, त्याने बारीक ओरखडे पडतात, ते एकेक करून दिसत नाहीत पण 3-4 वर्षांत सगळा पडदा धुरकट होतो.

तुमच्या समोरच्या पडद्यावरचे दुधाळ पट्टे नखाने तपासा. नख फिरवल्यावर खरखर लागली तर ती घासणी आहे, व्हिनाइलच्या पॉलिशने थोडी कमी होईल पण पूर्ण जाणार नाही. गुळगुळीत असेल आणि नुसता धूसरपणा असेल तर तो ओलावा असू शकतो, व्हिनाइल ओल शोषून घेतं आणि पांढुरकं होतं, ते कोरड्या उबदार जागी काही दिवसांत परत स्वच्छ होतं. तुमच्या वर्णनावरून पहिलाच प्रकार वाटतोय.

टाकादोरा

मी बोटींची कापडं, छतं, पडदे शिवते, हेच माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खलाशीदादांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, त्यात एक भर. पडदा थंडीत आकसतो. शिवताना आम्ही तो ताठ बसेल असाच मापतो, सुरकुती राहिली की बघणाऱ्याला आत-बाहेर सगळं वेडंवाकडं दिसतं. मग हिवाळ्यात तो लावलेलाच राहिला तर आकसून सगळा ताण येतो शिवणीवर, आणि शिवण म्हणजे काय, सुईने पाडलेली ओळीने भोकं. वहीतलं पान फाडायला जसं ओळीत टोचून ठेवतात तसंच. माझ्याकडे वसंतात जे पडदे येतात ते बहुतेक मधून नाही, शिवणीच्या कडेने गेलेले असतात, चेनच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन.

आता ठेवायचं कसं. सगळ्यात चांगलं म्हणजे सपाट. घरात जागा नाही म्हणालात पण पलंगाखाली असते ना? खाली पुठ्ठा, त्यावर जुनी पांढरी सुती चादर, मग पडदा, मग चादर, मग पडदा. दोन पडदे एकमेकांना कधीच चिकटून ठेवायचे नाहीत, व्हिनाइलला व्हिनाइल चिकटतं आणि सोडवताना दोन्हींची चकाकी जाते. चादर पांढरीच का तर रंगीत किंवा छापील कापडाचा रंग व्हिनाइल ओढून घेतं. एकांनी फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेले पडदे आणले होते, पूर्ण पडद्यावर फिकट फुलं उमटलेली, कशानेच गेली नाहीत, पडदे टाकावे लागले. वर्तमानपत्राचंही तसंच, शाई उतरते. बबल रॅप नको, त्याचे गोल गोल ठसे पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत ओल अडकते.

सपाट जमतच नसेल तर गुंडाळा, पण गुंडाळी सैल आणि जाड हवी. आत एखादी पुठ्ठ्याची जाड नळी, वीतभर व्यासाची तरी, तिच्यावर चादर आणि मग पडदा-चादर असं एकत्र गुंडाळत जायचं. आणि आडवं ठेवायचं, कोपऱ्यात उभं टेकवून ठेवलं तर स्वतःच्या वजनाने खालच्या टोकाला दबतं आणि तिथे कायमच्या लाटा येतात. वर काही ठेवू नका. घडी मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही, घडीची रेघ जन्मभर राहते. आणि ठेवायची जागा माणसं राहतात तशी हवी, फार गार नको, हीटरशेजारी नको, पत्र्याच्या छताखालचा माळाही नको.

पडदे ठेवायच्या आधी पूर्ण, म्हणजे पूर्ण कोरडे करा. पारदर्शक भाग चटकन सुकतो पण कडेची कापडाची पट्टी आणि चेनच्या मागची दुहेरी शिवण यात ओल राहते आणि बुरशी तिथूनच धरते. मी बोटांनी चाचपते, पट्टी दोन बोटांत धरून दाबायची, गार लागली तर अजून ओली आहे. वाळवायला दोरीवर टाका पण चिमटे व्हिनाइलला नाही, कापडी पट्टीला लावा. ड्रायर मशीनमध्ये काहीही घालायचं नाही, छताचं कापडसुद्धा नाही.

चेन आणि टिचबटणं. चेनमध्ये मीठ बसतं आणि सुकलं की दगडासारखं होतं, म्हणून गोड्या पाण्याने धुवा, दात जुन्या मऊ टूथब्रशने झाडा (फक्त चेन, शीटला ब्रश लागू देऊ नका), सुकल्यावर मेणबत्तीचं साधं मेण किंवा चेनसाठी मिळणारं सिलिकॉन वंगण दातांवर फिरवा. मशीनचं तेल, ग्रीस असलं काही नको, त्यावर धूळ बसते आणि तेल पडद्याला लागलं तर पिवळा डाग. टिचबटणाच्या बोटीवरच्या भागाला सिलिकॉन ग्रीसचा अगदी थेंबभर हात लावला तर वसंतात सहज लागतात.

आणि हो, काढतानाच नंबर घाला, पण व्हिनाइलवर मार्करने नाही, शाई आत मुरते. चादरीवर लिहा किंवा कापडी पट्टीला सेफ्टी पिनने चिठ्ठी. डावा-उजवा सारखाच दिसतो पण नसतो.

शिवण उसवली असेल तर आत्ताच दाखवा कोणालातरी. कापड बऱ्याचदा चांगलं असतं, उन्हाने आधी दोरा जातो. अंगठ्याच्या नखाने टाका जरा खरवडून बघा, दोरा तुटला तर सगळी शिवण परत मारायला हवी, आणि हे काम हिवाळ्यात निवांत होतं, सीझन सुरू व्हायच्या आधी आठवडाभर सगळे एकदम येतात.

निळी_नाळ

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. मी गेली 9 वर्षं पडदे लावूनच ठेवतो आणि एकही तडकलेला नाही. काढून ठेवले तर वसंतात परत बसत नाहीत, चेन चार बोटं कमी पडते, हे मी स्वतः अनुभवलंय पहिल्या दोन वर्षांत. लावून ठेवले की माप धरून राहतं. फक्त खालची टिचबटणं सोडून ठेवतो म्हणजे ताण येत नाही.

टाकादोरा

@निळी_नाळ तुमची बोट हिवाळ्यात उघड्यावर असते की शेडमध्ये?

निळी_नाळ

शेडमध्ये. बंद शेड आहे, गरम केलेली नाही पण वारा नाही, बर्फ नाही. वरून ताडपत्री वगैरे काही टाकत नाही.

टाकादोरा

मग तुमचं बरोबर आहे, तुमच्या जागी मीही लावून ठेवायला हरकत घेतली नसती. वारा नाही, वरचं वजन नाही, घासणारी ताडपत्री नाही, ऊन नाही, आणि तुम्ही खालून ताण सोडताय. फक्त भर थंडीत कोणी आत शिरायला चेन उघडू नये एवढं बघा. उघड्यावरच्या बोटीला हे लागू नाही.

परत बसत नाही म्हणता ते मात्र बऱ्याचदा खरं आकसणं नसतं, पडदा गार असतो. वसंतात गार हवेत सकाळी लावायला जातात आणि चेन जुळत नाही. पडदा अर्धा तास उन्हात चादरीवर पसरून ठेवा, मग लावा. चेनची सुरुवात अचूक बसवायची, दोन्ही टोकं हाताने जवळ आणायची आणि स्लायडर मोकळा चालला पाहिजे. स्लायडरने ओढून अंतर मिटवायचा प्रयत्न केला की दात जातात. पहिल्यांदा सगळे पडदे वरून लावून घ्या, बाजूच्या चेन अर्ध्या, आणि टिचबटणं सगळ्यात शेवटी, दुपारी.

सुकाणू_हाती

कव्हरबद्दल मी बोलतो कारण माझा एक पूर्ण सांगाडा मी याच चुकीने घालवलाय.

बिमिनीचा, म्हणजे कॉकपिटवरच्या कापडी छताचा, सांगाडा सावलीसाठी असतो, बर्फासाठी नाही. ताडपत्री थेट त्यावर टाकली की मधे खळगा होणारच, खळग्यात पाणी, पाणी गोठलं, त्यावर बर्फ, खळगा अजून खोल. हिशोब करून बघा. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, घनमीटरला 50 ते 100 किलो, पण तोच ओला होऊन दबला की 300 किलोच्या पुढे जातो. तुमच्या कॉकपिटवरचं छत समजा 3 मीटर बाय 2 मीटर, त्यावर 30 सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे 1.8 घनमीटर, म्हणजे 500 किलोच्या वर वजन. ते तुमच्या एक इंची पाइपावर.

म्हणून छताचं कापडही काढा, पाइप आडवे करून बांधून ठेवा किंवा काढून आत ठेवा, आणि ताडपत्रीसाठी वेगळा लाकडी सांगाडा करा. मधोमध नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागपर्यंत एक आढं, घराच्या छपराला असतं तसं, त्याला दोन्ही बाजूंनी उतरत्या पट्ट्या. उतार जितका तीव्र तितकं चांगलं, साधारण 45 अंश असला तर बर्फ बराचसा आपोआप घसरतो. लाकडाचा प्रत्येक कोपरा आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं जुन्या गालिच्याच्या तुकड्याने गुंडाळा, नाहीतर ताडपत्री तिथेच फाटते. रेलिंगचे खांब, डेकवरचे हुक, यांनाही तसंच.

ताडपत्री बोटीला सैल राहता कामा नये. फडफडणारी ताडपत्री एका वादळात फायबरच्या पॉलिशचीसुद्धा वाट लावते, तुमच्या पडद्याचं काय झालं ते तुम्ही बघितलंच. दोरी बोटीच्या पोटाखालून एका बाजूच्या रिंगेतून दुसऱ्या बाजूच्या रिंगेत न्या. स्टँडला कधीही बांधू नका!! हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. वाऱ्याने ताडपत्री फुगली की दोरी स्टँडला ओढते, स्टँड सरकतो, आणि बोट आडवी होते. समोरासमोरचे स्टँड बोटीखालून साखळीने एकमेकांना जोडलेले असायला पाहिजेत, ते पण तपासा.

पुढे-मागे दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवा. हवाबंद केलं तर दिवसा ऊन लागून आत वाफ होते, रात्री थेंब होतात, आणि वसंतात गाद्यांवर काळे ठिपके. गाद्या घरी न्या, नाही जमलं तर उभ्या टेकवून ठेवा. कपाटांची, आइसबॉक्सची दारं उघडी ठेवा. बोटीची नाळ थोडी वर ठेवून बोट उभी केली की आत आलेलं पाणी मागे वाहून जातं, बिल्जच्या (पाणी साचतं त्या बोटीच्या आतल्या खोलगट भागाच्या) तळाचं बूच काढून ठेवा आणि ते बूच स्टीअरिंगला किल्लीबरोबर बांधा म्हणजे वसंतात विसरून पाण्यात उतरणार नाही. कॉकपिटची पाणी जायची भोकं पानांनी तुंबलेली नाहीत हेही बघा.

श्रिंक रॅप चांगलं काम करतं, ताठ बसतं, फडफडत नाही. पण ते पॉलिथिनचं जाड शीट गॅसच्या ज्वाळेने गरम करून आवळतात, आणि पडदे खाली तसेच असतील तर त्या उष्णतेने वाकतील, वर ओल अडकेल ती वेगळीच. म्हणजे श्रिंक रॅप केलं तरी पडदे काढायचे आहेतच. आणि त्यात हवेसाठी झडपा लावायला सांगा, आत जायला चेनचं दार लावून घ्या. रंग पांढरा घ्या, निळ्याखाली ऊन जास्त धरतं. दर वर्षी नवीन लागतं हा त्याचा तोटा, माझं मत विचाराल तर एकदा लाकडी सांगाडा नीट केला की तो वर्षानुवर्षं चालतो, सुट्टा करून नंबर टाकून ठेवायचा.

काठावरचा_गडी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. स्टँडचं वाचून पोटात गोळा आला, मागच्या वर्षी माझ्या 4 दोऱ्या स्टँडलाच होत्या.

टाकादोराताई, पलंगाखाली मोजून बघितलं, 5 पडदे सपाट बसतात, समोरचा रुंद आहे तो गुंडाळावा लागेल. खलाशीदादा, नखाने बघितलं, खरखरच आहे.

इंजिनाचं कोणी सांगेल का?

पाना_पक्कड

मी सांगतो. आधी एक विचारतो, तुमचं इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होतं की त्याला कूलंटचं वेगळं बंद सर्किट आहे?

काठावरचा_गडी

थेट बाहेरच्या पाण्याने.

पाना_पक्कड

मग ब्लॉकमधलं, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडातलं, पाणी हा तुमचा खरा शत्रू. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाला ताणलं जाणं माहीत नाही, ते सरळ चिरतं. एका रात्रीत होतं हे.

क्रम असा. बोट बाहेर काढायच्या आधी टाकीत पेट्रोलचं स्टॅबिलायझर घाला, टाकी जवळजवळ भरा, थोडी जागा फुगायला सोडून. अर्धी टाकी ठेवली की वरच्या हवेतली वाफ आत थेंब होऊन उतरते आणि इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. स्टॅबिलायझर घातल्यावर 10-15 मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते पुढे कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोचेल. इंजिन गरम आहे तोवर ऑइल आणि फिल्टर बदला, जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते ती हिवाळाभर बेअरिंगवर बसायला नको.

मग ब्लॉकचे ड्रेन प्लग उघडा, दोन्ही बाजूंचे, मॅनिफोल्डचेही (इंजिनाचा धूर जातो त्या ओतीव नळ्यांचेही). इथे बरेच जण फसतात. प्लग काढला, दोन थेंब आले आणि थांबले, तर समजायचं की पाणी संपलं नाही, आत गंजाचे पापुद्रे अडकलेत. एक वायर घेऊन भोकात घाला आणि हलवा, भसकन तांबडं पाणी येईल. धार पूर्ण थांबेपर्यंत वायर फिरवत राहा. रबरी पाइपांचे खालचे वाकडे भागही सोडून रिकामे करा.

त्यानंतर प्रोपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटीफ्रीझ. इथिलीन ग्लायकॉलवालं नको, ते विषारी आहे आणि वसंतात सगळं पाण्यात जाणार. बाटलीवर उणे 50 लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा फॅरनहाइट असतं आणि पाइप फुटू न देण्याची मर्यादा असते, गोठायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते, आणि ब्लॉकमध्ये पाणी राहिलं असेल तर ते पातळ होऊन आणखी कमकुवत होतं. म्हणूनच आधी पाणी काढायचं म्हणतोय. नुसतं बादलीतून आत ओढवून एक्झॉस्टमधून गुलाबी आलं की झालं असं मानू नका, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच उघडणारी झडप) बंद असेल तर ते ब्लॉकमध्ये न जाता बाहेरच्या बाहेर निघून जातं. गरम इंजिनावर करा किंवा वरून थेट पाइपातून ब्लॉकमध्ये ओता.

ड्राइव्हच्या (मागे पंखा फिरवणाऱ्या भागाच्या) खालच्या भागाचं गिअर ऑइल काढून बघा. दुधासारखं दिसलं तर सील गेलंय आणि आत पाणी आहे, ते गोठून गिअरचं बाहेरचं कवच फोडेल. हे हिवाळ्याआधी बघायचं, नंतर नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज करून तारा सोडवून ठेवा. पूर्ण चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे 50 च्या खालीही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे 7-10 ला गोठू शकते. लिथियम असेल तर शून्याखाली चार्जर लावायचा नाही. आणि संडासाचा पंप, पिण्याच्या पाण्याची टाकी, कॉकपिटचा शॉवर, हे सगळे छोटे पाइप विसरू नका.

वल्ही_वाजवी

मधेच विचारतो, माझ्या समोरच्या तीन काचा व्हिनाइलच्या नाहीत, कडक आहेत, बहुतेक पॉलिकार्बोनेट. त्यांना पण हेच का?

टाकादोरा

मॅक्रोलॉन (पॉलिकार्बोनेटचाच एक ब्रँड) वगैरे प्रकार असेल तर तो थंडीत तडकत नाही तसा, पण गुंडाळता येत नाही, जबरदस्ती करू नका. सपाट ठेवा, किंवा भिंतीला उभं ठेवायचं तर पूर्ण लांबीला खालून आधार द्या आणि मधे चादर. अमोनिया, थिनर त्यालाही चालत नाही, बारीक भेगांचं जाळं येतं. आणि ओरखडा त्यावर जास्त दिसतो म्हणून पाणी आधी, कापड नंतर.

स्ट्राटाग्लाससारखी कोटिंग केलेली शीट असते तिचं वेगळं, तिला बनवणाऱ्याने सांगितलेलंच क्लीनर आणि पॉलिश लावायचं. काचेवर पाणी टिकू नये म्हणून गाडीला लावतात ते लिक्विड तर नकोच, कोटिंग जातं.

काठावरचा_गडी

(6 दिवसांनी)

काल आणि आज मिळून केलं. दुपारी 18 अंश होते, ऊन होतं. पाणी सोडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत पडद्यावरून जे करडं पाणी आलं ते बघून समजलं की मी आजवर कोरड्या कापडाने काय घासत होतो. ड्रेन प्लगमध्ये वायर घातली तर डावीकडून खरंच भसकन आलं, जवळजवळ अर्धी बादली, आणि मी प्लग परत लावणार होतो.

5 पडदे निघाले. सहावा, मागचा डावा, त्याची चेन शेवटच्या 4 बोटांवर अडकली आहे. स्लायडर हिरवट झालाय. ओढली नाही, तशीच सोडून आलोय. काय करू?

टाकादोरा

ओढली नाहीत ते फार बरं केलंत. ते मीठ आणि धातूचा गंज आहे. कोमट पाणी, गरम नाही, मगाने हळूहळू स्लायडरवर ओता, 10 मिनिटं थांबा, परत ओता. मग स्लायडर पुढे नाही, आधी मागे, जिथून आला तिकडे एक-दोन दात सरकवा. मागे गेला की पुढे जातो. दोन्ही बाजूंचं कापड चेनच्या अगदी जवळ धरा म्हणजे शीटवर ताण येणार नाही. नाहीच हलला तर पडदा तिथे वाचवायचा आणि स्लायडर पकडीने कापून काढायचा, नवा स्लायडर बसवता येतो, पडदा नाही.

काठावरचा_गडी

निघाली. तीनदा पाणी ओतावं लागलं आणि तुम्ही म्हणालात तसा आधी मागे सरकला. पडदा आत्ता पंख्याखाली आहे, पट्टी अजून बोटाला गार लागतेय म्हणून पलंगाखाली उद्या घालीन. चादरीवर पेन्सिलने लिहून ठेवलंय, 6, मागचा डावा, स्लायडर बदलणे.